मास्तरांचा ‘आणि’

मास्तरांचे पाय पहिल्यांदा अडले ते स्वयंपाकघराच्या दारात. रिकामा कप ओट्यावर ठेवायचा आणि परत फिरायचं, एवढंच काम होतं. पण चौकटीपाशी आल्यावर पाय जमिनीला चिकटले ते चिकटलेच. छाती पुढे निघालेली, पाय मागे. बायकोला वाटलं, हा माणूस नेहमीसारखं काहीतरी नाटक करतोय.

"आत येणार आहात, की फोटो काढायचाय?" तिने विचारलं.

"पाय येत नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात नाटक नव्हतं. तिने हातातलं टाकलं आणि त्यांना धरलं.

दुसऱ्या कुणाचे पाय असे अडले असते तर गोष्ट वेगळी होती. मास्तर नाच शिकवायचे. हार्डवेअरच्या दुकानावर एक लांबच लांब हॉल होता, लाकडी जमिनीचा, एका भिंतीला आरसे. तिथे त्यांनी गावातल्या दोन पिढ्यांना जोडीने नाचायला शिकवलं होतं. लग्न ठरलेली पोरं यायची, लग्नाला कंटाळलेली जोडपी यायची, डॉक्टरने व्यायाम सांगितलेले म्हातारे यायचे. मास्तर सगळ्यांना सारखेच ओरडायचे. बूट आरशासारखे चकचकीत, केस चापूनचोपून बसवलेले, पाठ ताठ. आपण रुबाबदार आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि ते लपवायची गरज त्यांना कधी वाटली नव्हती. बायको त्यांची नाचातली जोडीदार. शिकवणीला आलेल्यांची नावं लिहून घ्यायला दाराशी तीच बसायची आणि मास्तर कुणाला फार बोलले तर त्याची समजूतही तीच काढायची.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा कंपवात आहे. हात फार थरथरणार नाहीत कदाचित, पण चालताना पाय असे अडतील. दारात, वळणावर, कुठेही.

मास्तरांची एकुलती एक लेक चाळिशी उलटून गेली तरी घरात चिमीच होती. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची आणि कॉम्प्युटरवर नाचायची गाणी बनवायची. मागच्या खोलीत भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या, दोन मोठे स्पीकर, एक खुर्ची आणि तारांचा गुंता. तिथे बसून ती एकेक आवाज कापायची, ताणायची, उलटा फिरवायची, आणि त्यातून जे तयार व्हायचं त्यावर माणसं मोठमोठ्या हॉलमध्ये घाम फुटेस्तोवर नाचायची. मास्तरांचं त्यावरचं मत ठरलेलं होतं.

"ते गाणं नाही, गिरणी आहे," ते म्हणायचे. "माझ्याकडे लोक एकमेकांचा हात धरायला शिकतात. तुझ्याकडे एकेकटे उड्या मारतात."

"तुमच्याकडे एक जण पुढे चालतो आणि दुसरी उलटी मागे," चिमी म्हणायची. "माझ्याकडे कुणाला मागे जावं लागत नाही."

हे भांडण इतकं जुनं होतं की आता त्यात कुणी रागवायचं नाही. आई मधेच उठून चहा टाकायची.

पण आजाराने घरातल्या बऱ्याच गोष्टी हलवल्या. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की अशा लोकांना ठोक्याचा उपयोग होतो. कानावर सारखा ठोका पडत राहिला की अडलेले पाय सुटतात. त्यांनी टकटक वाजणारं एक छोटं यंत्र दिलं. मास्तरांनी ते एक दिवस लावलं आणि दुसऱ्या दिवशी बंद केलं.

"अहो, चालायला येतं ना त्याने?" बायको म्हणाली.

"येतं. पण ते माझ्यावर डाफरतं. जन्मभर मी लोकांवर डाफरलो, आता हे एवढंसं डबडं मला शिकवणार."

त्या रविवारी चिमी लॅपटॉप आणि एक स्पीकर घेऊन आली. समोरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ होता, मास्तरांचे पाय हटकून अडायचे ते तिथेच. बोळाच्या तोंडाशी स्टुलावर तिने स्पीकर ठेवला. मनात तिने सोपा हिशेब केला होता. नाचाच्या गाण्यात खालून जो जड ठोका येत राहतो, तोच फक्त ठेवायचा, बाकी सगळं काढून टाकायचं. वेग बाबांच्या चालीचा.

ठोका सुरू झाला. मास्तर दोन-तीन पावलं बरे आले आणि दारात थबकले. ठोका पडत राहिला, ते उभे राहिले.

"बंद कर," ते म्हणाले.

"बाबा, थोडा वेळ द्या ना त्याला."

"वेळेचा प्रश्न नाही. तुझा ठोका मला काय सांगतो? पाय टेक, पाय टेक, पाय टेक. अगं, टेकलेलाच आहे माझा पाय. तो उचलायचा कधी, हे कोण सांगणार?"

चिमीने ठोका थांबवला. असं काही अडलं की तिला कामाची ओढ लागायची.

"म्हणजे काय हवं तुम्हाला?"

मास्तर भिंतीला धरून खुर्चीत बसले. "नवशिक्यांची पंचाईत काय होते? मी 'एक' म्हटलं की ते हलायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. अंगाचा भार 'एक'च्या आधी सरकायला हवा. म्हणून मी आधी 'आणि' म्हणायचो. आणि, एक. नाच त्या 'आणि'त असतो. 'एक' काय, तो नुसता हिशेब."

"म्हणून दाखवा," चिमी म्हणाली आणि तिने माइक पुढे केला.

मास्तरांनी म्हणून दाखवलं. आजाराने आवाज बारीक झाला होता, पण त्या शब्दात जुना जोर तसाच होता. 'आ' थोडा लांब, आवाज चढत जाणारा, आणि 'णि' वर हात सोडल्यासारखा. चिमीने तो उतरवून घेतला, ठोक्याच्या आधी बसवला, थोडा मागे ओढला, थोडा पुढे. मास्तर खुर्चीतून सूचना देत होते.

"लवकर येतोय. एवढ्या लवकर बोलावलंस तर माणूस वाट बघत उभा राहील."

"आता?"

"आता उशीर. हां, इथे. इथेच ठेव."

मास्तर उठले. 'आणि' आला, त्यांचं अंग किंचित एका बाजूला कललं, दुसरा पाय हलका झाला आणि ठोक्यावर पुढे पडला. मग दुसरा. ते बोळातून चालत स्वयंपाकघराच्या दारातून आत गेले आणि ओट्याशी उभ्या असलेल्या बायकोसमोर जाऊन थांबले. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, नाचाच्या सुरुवातीला ठेवायची तसा.

मग रविवार त्या कामाचाच झाला. मास्तरांना आता मत मांडायला जागा मिळाली होती आणि ते मुक्काम ठोकून बसले. दर ठोका सारखा नको, दुसरा जरा रेंगाळू दे, असं त्यांनी सांगितलं. चिमीने केलं आणि तिलाही पटलं. मग त्यांच्या डोक्यात व्हायोलिन आलं. वरून एखादी छानशी सुरावट हवी, नुसता सांगाडा काय कामाचा. चिमी नको म्हणाली.

"वर सुरावट ठेवली तर तुम्ही ती ऐकत बसाल. चालणार नाही."

"मला शिकवतेस?"

"करून बघू."

करून बघितलं. व्हायोलिन सुरू होताच मास्तर बोळाच्या मधोमध थांबले आणि डोळे मिटून ऐकू लागले. पाय जागच्या जागी. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि लेक हसतेय हे बघून भिंतीकडे तोंड फिरवलं.

"काढ ते," ते म्हणाले.

असं करत करत ते गाणं उभं राहिलं. चिमीने घरी नेऊन त्याच्याभोवती बाकीचं रचलं. खाली घुमणारा बेस, मधे पाण्यासारखा हलणारा एक सूर, आणि एक जागा अशी, की सगळं एकदम थांबतं, नुसता मास्तरांचा 'आणि' येतो, आणि मग सगळं एकदम कोसळतं. तिची गाणी बाजारात आणणाऱ्या कंपनीला तिने ते दिलं. कंपनीत तिची गाणी बघणारा एक गृहस्थ होता, गोड बोलणारा, दर भेटीत नवा शर्ट. त्याने डोळे बंद करून गाणं ऐकलं आणि म्हणाला, "हा 'आणि' लोक डोक्यावर घेतील."

घेतला. हॉलमध्ये ती थांबण्याची जागा आली की सगळेच्या सगळे 'आणि' ओरडायचे. ज्यांना शब्दाचा अर्थ माहीत नव्हता तेही ओरडायचे.

मग तो शर्टवाला म्हणाला, "गाणं चाललंय, पण लोकांना गाण्यामागची गोष्ट हवी असते. काही आहे का?" चिमीने सहज सांगितलं, बाबांचे पाय अडतात, त्यांना चालता यावं म्हणून सुरू केलं होतं. तिने बाकीचंही सांगितलं. भार आधी सरकायला हवा ते, व्हायोलिनचं भांडण. पण बाकीचं त्याच्या कानापर्यंत पोचलं नसावं. आठवड्याभरात सगळीकडे तेच झालं: आजारी बापासाठी लेकीने रचलेलं गाणं. सोबत मास्तरांचा एक फोटो, खुर्चीत बसलेले, खिडकीकडे बघताना. चिमीने ते वाचलं तेव्हा तिला कसंसंच झालं. पण त्यात खोटं असं एकही वाक्य तिला सापडेना, म्हणून तिने ते तसंच राहू दिलं.

गोष्ट गावभर झाली आणि मास्तरांचे जुने विद्यार्थी घरी यायला लागले. फळं घेऊन यायचे. मास्तरांशी मोठ्याने आणि सावकाश बोलायचे, जणू त्यांना ऐकू येत नाही. एक बाई, जिला मास्तरांनी 'तुझे पाय म्हणजे दोन उशा आहेत' असं तोंडावर सांगितलं होतं, तिने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि डोळ्यांतून पाणी काढलं. "किती गुणाची लेक आहे तुमची," ती म्हणाली. "नाहीतर कोण विचारतं हो."

मास्तरांनी तिला हसून निरोप दिला. संध्याकाळी चिमी आली तेव्हा ते तिच्याशी बोलले नाहीत.

"काय झालं?" तिने आईला विचारलं.

"सकाळपासून तोंड वाकडं आहे. तूच विचार."

"बाबा, काय झालं?"

मास्तर म्हणाले, "मी त्या गाण्यात कोण आहे?"

"म्हणजे?"

"तू बनवणारी. मी कोण? मी तो अडलेला माणूस. ज्याच्यासाठी केलं, तो. रविवारमागून रविवार मी तुझ्याबरोबर बसलो, चिमे. 'आणि' कुठे ठेवायचा ते मी सांगितलं. दुसरा ठोका मी रेंगाळवला. आणि गाण्याखाली काय लिहिलंय? विशेष आभार. आभार लोक मांडववाल्याचे मानतात."

चिमी खाली बसली. "मी त्याला सगळं सांगितलं होतं," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते तोकडं वाटलं. नावं देताना बाबांचं नाव बनवणाऱ्यांत लिहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. बाबांनी मदत केली असं ती मनात म्हणत होती, आणि बाबांसाठी केलं असं जगाला सांगत होती, आणि दोन्ही वेळा काम तिचंच राहत होतं.

"ती बाई मला विचारून गेली," मास्तर म्हणाले, "की त्या गाण्याने बरं वाटतं का. औषध घेतल्यासारखं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, तुझे पाय अजून तसेच आहेत का."

आईला हसू आवरेना. ती तोंडाला पदर लावून आत गेली. मास्तर मात्र हसले नाहीत, म्हणून चिमीही हसली नाही.

तिने शर्टवाल्याला फोन केला. तो चिडला नाही, फक्त समजावत राहिला. गोष्ट छान चाललीय, आता मधेच बदलली तर लोक गोंधळतील, आणि वडिलांना श्रेय द्यायचंच असेल तर पुढच्या गाण्याला देऊ. चिमीने ऐकून घेतलं. रेडिओवर सकाळचा एक कार्यक्रम होता. त्यात गाणी बनवणारे येऊन आपलं गाणं कसं झालं ते उलगडून दाखवायचे. त्यांनी तिला आधीच बोलावलं होतं. तिने त्यांना कळवलं की आम्ही दोघं येतो.

मास्तरांनी त्या दिवशी निळा कोट घातला. बूट बायकोने चमकवले, पण त्यांनी पुन्हा एकदा स्वतः पुसले. रेडिओच्या इमारतीतल्या फिरत्या दारापाशी त्यांचे पाय अडले. मागे चार माणसं खोळंबली. चिमीने गाणं लावायला मोबाईल काढावा म्हणून पिशवीत हात घातला तेवढ्यात सोबत आलेली आईच त्यांच्या कानाशी वाकून 'आणि' म्हणाली, आणि ते आत गेले.

आतली खोली छोटी होती, भिंतींना फोम, टेबलावर तीन माइक. कार्यक्रम करणारी मुलगी भली होती. तिने आवाज मऊ केला आणि मास्तरांना पहिलाच प्रश्न विचारला, "लेकीने तुमच्यासाठी असं गाणं केलं हे पहिल्यांदा कळलं, तेव्हा काय वाटलं?"

मास्तरांनी माइक जवळ ओढला. "कळलं वगैरे काही नाही," ते म्हणाले. "मी तिथेच होतो. पहिला ठोका तिने लावला तो चुकीचा होता."

मुलीने चिमीकडे पाहिलं. चिमी म्हणाली, "वाजवू का?"

तिने आधी तो उघडा, सरळ ठोका वाजवला. मग त्यात 'आणि' घातला, मुद्दाम लवकर येणारा. मास्तरांनी सांगितलं, यात काय बिघडतं. मग उशिरा येणारा. मग जिथे तो बसला होता तिथे. काचेपलीकडे बसलेला आवाजवाला इतका वेळ बटणांकडे बघत होता. त्याने मान वर केली. मुलीचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला आणि ती खरंच विचारायला लागली. भार सरकतो म्हणजे नेमकं काय, रेंगाळणारा ठोका किती रेंगाळतो. दोघं बापलेक एकमेकांना तोडत बोलायला लागली. व्हायोलिनची गोष्ट चिमीने सांगितली आणि मास्तरांनी कबूल केलं की तिथे तिचं बरोबर होतं.

"पण सूर चांगला होता," ते पुढे म्हणाले.

"फारच चांगला होता, म्हणून तर काढला," चिमी म्हणाली.

आजाराबद्दल मुलीने शेवटी एकदा विचारलं. मास्तर म्हणाले, "आहे. त्याच्यामुळे मला पावलाकडे पुन्हा नीट बघावं लागलं. त्याचं श्रेय तेवढंच. बाकीचं आमचं दोघांचं."

त्या कार्यक्रमानंतर शर्टवाल्याने महिनाभर फोन उचलला नाही, पण गाण्याखाली दोन नावं आली. लोकांनी नवी गोष्ट जुनीइतकी उचलली नाही. बरेच जण आजही जुनीच सांगतात. फळं यायची मात्र थांबली. त्याऐवजी एक-दोन तरुण गाणी बनवणारे यायला लागले, आपलं काम ऐकवायला, आणि मास्तर त्यांना तोंडावर सांगायचे की यावर पाय उचलत नाही.

आजार त्याच्या चालीने पुढे जात राहिला. एका दुपारी बोळात गाणं लावलं आणि मास्तरांचे पाय उचललेच नाहीत. 'आणि' आला, अंग कललंही, पण पाय तिथेच. चिमीने पुन्हा पहिल्यापासून लावलं. तेच. तिने बटणाकडे हात नेला.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "मधे थांबवायचं नाही. शिकवणीत कुणाचा पाय चुकला म्हणून मी कधी रेकॉर्ड थांबवली नाही."

म्हणून ते पूर्ण वाजलं. आई स्वयंपाकघराच्या दारात, मास्तर बोळात भिंतीला हात लावून, चिमी जमिनीवर. मधली जागा आली, सगळं थांबलं, त्यांचाच दोन वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत आला, आणि मग बेस कोसळला. चिमीला स्टुलाचे पाय थरथरताना दिसले. रडू येईल असं तिला वाटलं होतं, ते आलं नाही. ती ऐकत होती. हे गाणं तिने इतक्या दिवसांत ऐकलंच नव्हतं, फक्त वापरलं होतं. संपल्यावर तिने खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली आणि ते बसले.

"चांगलं झालंय," मास्तर म्हणाले. "शेवट जरा ओढलायस."

चाकाची खुर्ची आली. काही दिवस ते तिच्यात खिडकीशी बसून राहिले. मग एका रविवारी त्यांनीच विचारलं, लॅपटॉप आणलायस का. बसलेल्या माणसाच्या अंगात काय काय हलतं, याचा ते विचार करत होते. खांदे हलतात, मान हलते, हाताची बोटं हलतात, आणि त्यांचा ठोका पायांपेक्षा वेगळा असतो, हलका, वरून येणारा. चिमीने ऐकून घेतलं आणि माइक पुढे केला. ते काम त्यांना वर्षभर पुरलं. भांडणं पहिल्यापेक्षा जास्त झाली. मास्तरांचा आवाज तोवर इतका बारीक झाला होता की काही शब्द आईला पुन्हा मोठ्याने म्हणून दाखवावे लागायचे, आणि ती सांगताना त्यात आपली मतंही घालायची, त्यामुळे तिसरं नावही लावावं लागलं.

ते गाणं पडलं. कंपनीने चार ठिकाणी वाजवलं आणि सोडून दिलं. हॉलमध्ये लोकांना पाय हलवायचे असतात. खांद्यांचं काय करायचं ते त्यांना कळलं नाही. शर्टवाल्याने मास्तरांना फोन करून हळहळ व्यक्त केली.

मास्तरांना त्याची हळहळ पटली नाही. हे गाणं पहिल्यापेक्षा सरस आहे, असं त्यांनी चिमीला दोन-तीनदा सांगितलं. पहिल्यात युक्ती होती, यात नाच आहे. चिमीला तसं वाटत नव्हतं. तिच्या मते मधला भाग फसला होता, आणि तो का फसला यावर त्या रविवारी दोघांची जुंपली ती आईने जेवायला हाक मारेपर्यंत.